नकाशा ९४ टक्के बरोबर, पण बाबा विचारतात आपली काजू कुठं हाय?

शिवारलेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी भूगोलात एमएस्सी करतेय, गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. प्रोजेक्ट असा की सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं घ्यायची, कॉम्प्युटरला थोडं शिकवायचं की हे भात, हा ऊस, ही काजू, हे जंगल, हे पाणी वगैरे, आणि मग पुढचा सगळा नकाशा त्यानं आपोआप रंगवायचा. रंगवला. अचूकता आली ९४ टक्के. गाईड खूश, मी खूश, हॉस्टेलवर मिठाई म्हणून कुंदा वाटला.

रविवारी घरी गेले आणि जेवताना कौतुकानं बाबांना लॅपटॉपवर दाखवला. बाबांनी चष्मा लावला, बोटानं रस्ता शोधला, देऊळ शोधलं, आणि म्हणाले, "आपली काजू कुठं हाय?" बघते तर आमची सगळी बाग गडद हिरवी, म्हणजे जंगल. देवळामागचं तळं चक्क भाताचं शेत. आईनं तर हातातलं वाढणं थांबवून विचारलं, उद्या कुणी हा नकाशा घेऊन आलं आणि म्हणालं ही जमीन फॉरेस्टची, तर काय करायचं?

तर माझा प्रश्न असा की ९४ टक्के म्हणजे नक्की काय? आणि एकूणच भूगोलात हे एआय आणि नकाशाचा डेटा कुठं खरंच कामाला येतो आणि कुठं फसवतो? तुमचे अनुभव सांगा. टेक्निकल नसले तरी चालेल, उलट तेच पाहिजेत.

उगीच_मधेच

पहिली चूक निकालाआधी कुंदा वाटला. दुसरी चूक आम्हाला नाही दिला.

नकाशेबाज

मी मूळ शहापूरचा, आता पुण्यात याच कामावर पोट आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. तू कॉम्प्युटरला शिकवायला जी ठिकाणं घेतलीस आणि नंतर परीक्षा घ्यायला जी घेतलीस ती कशी निवडलीस? माझा अंदाज सांगतो. नकाशावर वीस-पंचवीस शेतांभोवती रेघा ओढल्यास, आतले सगळे पिक्सेल, म्हणजे चित्रातले बारीक चौकोन, एका पोत्यात घातलेस, पोतं हलवलंस, सत्तर टक्के शिकवणीला आणि तीस टक्के परीक्षेला. बरोबर?

मग पेपर फुटलेला आहे. एकाच शेतातला एक पिक्सेल शिकवणीला आणि त्याला चिकटून असलेला दुसरा परीक्षेला. टोबलर नावाच्या भूगोलवाल्यानं १९७० मध्ये सांगून ठेवलंय, जगात सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो पण जवळच्याचा जास्त. भूगोलाचा पहिला नियम म्हणतात त्याला. शेजारचे पिक्सेल एकमेकांची कॉपीच असतात, त्यामुळं पोरगं पास झालं पण शिकलं काहीच नाही. खरी परीक्षा घ्यायची तर अख्खी गावंच्या गावं बाजूला ठेवायची. पाच गावांवर शिकव, आणि सहाव्या गावात, जे त्यानं कधी बघितलंच नाही, तिथं विचार. आकडा धाडकन खाली येईल, घाबरू नकोस. तो खरा आकडा.

दुसरं, तुमच्याकडं निम्म्याहून जास्त जंगलच असेल. मग डोळे झाकून सगळीकडं जंगल म्हटलं तरी निम्मे मार्क घरबसल्या. म्हणून एकच टक्केवारी सांगायची नाही, काजूचे किती बरोबर आले, पाण्याचे किती, असं वेगवेगळं काढ.

शिवारलेक

@नकाशेबाज दादा, पोत्यापर्यंत सगळं बरोब्बर 🙈 काजूचे वेगळे आत्ता काढले. सांगायची लाज वाटतेय.

साखळी_आणे

मी सर्वे खात्यातनं रिटायर झालेला माणूस. नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे.

पोरी, तुझा हा सेंटिनेलचा पिक्सेल किती मोठा? नातू म्हणाला दहा मीटर बाय दहा मीटर. मग मला हसू आलं. आमची जुनी साखळी ३३ फुटाची, तिचे आणे सोळा, आणि एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ फूट म्हणजे दहा मीटर आणि वर चार बोटं. म्हणजे आकाशातला उपग्रह एवढा कोट्यवधी खर्च करून शेवटी गुंठ्यानंच मोजतोय की!

आता हिशेब कर. दहा गुंठ्याचं शेत चौरस धरलं तरी जेमतेम तीन पिक्सेल लांब, तीन पिक्सेल रुंद. नऊपैकी आठ काठावरचे, त्यात अर्धा बांध, बांधावरचा आंबा, शेजाऱ्याचा ऊस. निखळ तुझा असा मधला एकच. आणि हे पिक्सेल तुझ्या बांधाला धरून नीट बसले तर, ते तरी कुठं बसतात. आमच्या भागात भावाभावांत पोडी (वाटण्या) होऊन होऊन पट्टे झालेत, काही ठिकाणी रुंदी वीस फूट. तिथं उपग्रह काय करणार, तुझ्या शेताची आणि चुलत्याच्या शेताची खिचडी करून एकच रंग देणार.

निपाणीकडचा

काका, एक नंबर. गुंठा आणि पिक्सेल, हे कुणी सांगितलंच नव्हतं आजवर.

नकाशेबाज

काका, दंडवत. हे मी आता ट्रेनिंगमध्ये वापरणार, तुमचं नाव न सांगता 😄

उगीच_मधेच

खानापूरचं काय बोलताय, मी परवा एका एआयला विचारलं खानापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण कुठलं. म्हणाला विटा. म्हटलं बाबा रे, ते सांगली जिल्ह्यातलं खानापूर. तर लगेच माफी मागून म्हणाला, बरोबर आहे तुमचं, बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, मुख्य ठिकाण विटा.

हलशीची_सून

😂😂 आमच्या जावेचं पार्सल असंच विट्याला जाऊन आलंय.

मास्तर

विनोदाचा भाग सोडला तरी ही नावांची भानगड मोठी आहे. मी ३१ वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. आपल्याकडं एका गावाला मराठीत एक नाव, कन्नडमध्ये दुसरं, इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार. जिल्ह्याचंच बघा ना, २०११ च्या जनगणनेच्या फायलीत बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या फायलीत बेळगावी. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी ठिकाणं वाटतात. माणसाला समजतं, यंत्राला सांगावं लागतं.

त्याहून वाईट म्हणजे नाव तेच पण हद्द बदललेली. २०११ ला जिल्ह्यात दहा तालुके होते. नंतर चिकोडीतनं निपाणी वेगळं झालं, अथणीतनं कागवाड, गोकाकमधनं मुडलगी, बैलहोंगलमधनं कित्तूर. आता एखाद्यानं २०११ चा चिकोडी तालुका आणि आजचा चिकोडी तालुका शेजारी ठेवला आणि एआयला विचारलं काय फरक पडला, तर ते छान परिच्छेद लिहून देईल की शेती घटली, माणसं स्थलांतरित झाली. अरे, कुणी कुठं गेलं नाही बाबा, रेघ हलली! माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं असलाच अहवाल दाखवला होता मला, रंगीत आलेखांसकट. बिचाऱ्यानं दोन महिने घालवले होते.

सीमाभागी

मास्तर, घटक बदलला की उत्तर बदलतं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. सीमाभाग महाराष्ट्रात जावा ही आमची सगळी मागणीच त्यावर उभी आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. खेडं धरलं तर नकाशा एक दिसतो, तालुका धरला तर दुसरा, जिल्हा धरला तर तिसराच. माणसं तीच, घरं तीच. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला पण चंदगड तालुका तेवढा वगळला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात. कुठला घटक धरायचा हे कोण ठरवतं त्याच्यावर सगळं आहे. आणि महाजन आयोगानं तर

व्यवस्थापक

@सीमाभागी, मुद्दा धाग्याला धरून आहे तोवर ठीक, पण पुढचं पान कुठं जाणार हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, वर चिकटवलेलाच आहे. तिकडं भेटू.

मास्तर

व्यवस्थापक, हरकत नाही, पण एवढं लिहू द्या की सीमाभागी यांनी चार ओळीत जे सांगितलं त्याला भूगोलात मोठा अभ्यास आहे. क्षेत्राचे तुकडे कसे पाडले त्यावर सरासरी बदलते, परस्परसंबंध बदलतात, कधी उलटेसुद्धा होतात. वर्गात मी हे वर्षानुवर्षं समजावायचो आणि पोरं जांभया द्यायची. खेडं की तालुका असं म्हटलं असतं तर एक पोरगं झोपलं नसतं.

अथणीवाला

सरासरीवरनं आठवलं. जिल्ह्याची पावसाची सरासरी हा माझ्या मते सगळ्यात मोठा जोक आहे. कणकुंबीला हजारो मिलिमीटर कोसळतो आणि आमच्याकडं अथणीला पाच-सहाशे झाला तर आम्ही पेढे वाटतो. दोघांची सरासरी काढून जो आकडा येतो तेवढा पाऊस जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी पडत असेल. तरी पेपरात येतं, जिल्ह्यात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस, आणि त्याच दिवशी आमच्याकडं टँकर. पावसाचे रंगीत नकाशे बघितले की अजून मजा. दोन पर्जन्यमापकांच्या मधली जागा कॉम्प्युटर हळूहळू फिक्का होत जाणारा रंग भरून काढतो. अहो मध्ये सह्याद्री उभा हाय! पाऊस तिथं हळूहळू कमी होत नाही, घाट संपला की खाड्कन कमी होतो. जांबोटीला छत्री उलटी होते आणि पिरनवाडीपर्यंत येईतो नुसती भुरभुर.

निपाणीकडचा

सगळे तक्रारीच करूलालेत म्हणून मी फायद्याचं सांगतो. माझा ऊस आहे साडेचार एकर, वेदगंगेकडं. गेल्या तीन वर्षांपासनं पुतण्या मला दर पाच-सहा दिवसांनी उपग्रहाचं हिरवेपणाचं चित्र दाखवतो. फुकट असतंय ते. एकदा एका कोपऱ्यात सारखा फिका डाग दिसायचा. ऊस पुरुषभर उंच झालेला, आत शिरून कोण बघणार, बाहेरनं सगळं झकास. डाग काही जाईना म्हणून कोयता घेऊन आत शिरलो तर ड्रिपची नळी उंदरांनी कुरतडलेली, पुढच्या सोळा सऱ्यांना पाणीच नाही. उपग्रह नसता तर तोडणीलाच कळलं असतं. त्यामुळं मला कुणी सांगू नका की ह्याचा उपयोग नाही.

पण त्यानं सांगितलं काय? फक्त फिका डाग. उंदीर मलाच शोधायला लागला.

आणि २०१९ चा पूर. ऑगस्टमध्ये आठवडाभर आभाळ फाटलेलं, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं काय दिसणार. तेव्हा रडारवाल्या उपग्रहाचे नकाशे आले, ते ढगातनं बघतंय. चांगलं काम, नदीचा फुगवटा कुठवर आलाय ते दिसलं. पण आमच्या फडात कमरेएवढं पाणी आणि एका नकाशात तो भाग कोरडा! नंतर पुतण्यानं सांगितलं, मोकळं पाणी रडारला काळं दिसतं, पण पाण्यातनं ऊस वर उभा असला की तो काळेपणा जातो, मग कॉम्प्युटर म्हणतंय हे शेत. हे माहीत नसणाऱ्यानं त्या नकाशावर यादी केली असती तर ज्यांचा फड बुडाला तेच यादीतनं बाहेर.

हलशीची_सून

दादा, तुमच्याकडच्या पुलांचं पण लिहा. माझं माहेर चिकोडीकडं. दर पावसाळ्यात कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज असले खालचे पूल-बंधारे पाण्याखाली जातात, लहान पोराला विचारलं तरी सांगेल. मागं आमच्या ह्यांनी मोबाईलच्या नकाशावर विश्वास ठेवून गाडी घातली. मोबाईल म्हणतोय सरळ जा, समोर नदी. एक म्हातारा गुरं राखत होता, म्हणाला, "सरळ जावा की, आलमट्टीला लागशीला."

निपाणीकडचा

@हलशीची_सून 😂 तो म्हातारा आमच्या गावचाच असणार.

वटवाघूळ

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी भीमगड अभयारण्याच्या बाजूला पक्षी-प्राणी बघत फिरतो. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. पूर्वी असल्या जागा गावातल्या दोन माणसांना आणि चार अभ्यासकांना माहीत असायच्या. आता हौशी माणूस फोटो काढतो, फोटोत जीपीएसचा आकडा आपोआप शिरतो, आणि ऑर्किड असो, घुबडाचं घरटं असो, त्याचा पत्ता जगाला. पक्ष्यांच्या नोंदीच्या चांगल्या साइट्स दुर्मिळ जातींची नेमकी जागा मुद्दाम लपवतात, पण व्हॉट्सअॅपवरचा उत्साह कोण लपवणार. २०१७ च्या शेवटी पळणाऱ्या-सायकलवाल्यांच्या एका अॅपनं सगळ्यांच्या मार्गांचा जगाचा नकाशा झळकवला आणि त्यात लष्करी तळांच्या आतले रस्ते उजळून निघाले, ते आठवत असेल. सैनिक फक्त जॉगिंग करत होते.

आणखी एक. उन्हाळ्यात उपग्रहावरनं आगीचे ठिपके येतात, जंगलातला वणवा लवकर कळतो, खूप उपयोगी आहे. पण त्यातला एक ठिपका म्हणजे चांगला तीन-चारशे मीटरचा चौकोन. कुणी उसाचं पाचट पेटवलं तरी ठिपका. एकदा आम्ही चौघं पाण्याचे कॅन घेऊन पळत गेलो तर शेतकरी निवांत बिडी ओढत पाचट जाळूलालेला.

उगीच_मधेच

बिडी पेटवायला आगपेटी नव्हती असेल.

भुईनळा

कणकुंबीचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका. पाणी कुठल्या बाजूला वाहतं त्याचं मॉडेल करत होतो. उंचीचा डेटा २००० सालचा, अंतराळयानातनं अकरा दिवसांत रडारनं जगातल्या सुमारे ऐंशी टक्के जमिनीची उंची मोजली होती तो. एका पिक्सेलची बाजू तीस मीटर. पण त्या रडारला दाट जंगलात जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, तिथनं ती पूर्वेला जाते आणि पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईकडं, गोव्याला. मधली पाणलोटाची रेघ काही ठिकाणी अगदी नाजूक. दोन-चार उंच झाडांनी माझ्या मॉडेलात बांध घातला आणि मलप्रभेचा एक ओहोळ गेला की गोव्याला!

उगीच_मधेच

हळू बोला, म्हादईचा लवाद ऐकेल.

व्यवस्थापक

पाणीतंट्याचाही वेगळा धागा आहे. (हसलो मात्र.)

हलशीची_सून

माझं एक राहिलंच. गावठाणात ड्रोनची मोजणी झाली ना, स्वामित्व योजनेतली, घराचं कार्ड मिळतं ती. चांगली गोष्ट आहे, आमच्या सासूबाईंच्या नावावर घराचा कसलाही कागद नव्हता. पण ड्रोन वरनं बघतो. त्याला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. आमच्याकडच्या पावसात वळचण दोन-अडीच हात बाहेर काढल्याशिवाय मातीची भिंत टिकत नाही. मग घर मोजायचं वळचणीपासनं की जोत्यापासनं? आमची वळचण शेजाऱ्याच्या अंगणावर. त्याची आमच्या. पन्नास वर्षं कुणी काही बोललं नव्हतं, ड्रोन आला आणि दोन्ही घरांत एकदम कायदा शिरला.

साखळी_आणे

सूनबाई, म्हणूनच ड्रोन उडवायच्या आधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. वरनं जे दिसायला पाहिजे ते आधी खाली आखायचं. ज्या घरापुढं रेघ मारताना दोन्हीकडची माणसं हजर होती तिथं नंतर भांडण नाही. जिथं घरातले शेतावर गेलेले आणि पोरानं दाखवली तशी रेघ मारली, तिथं भांडण. कॅमेऱ्याचा दोष नाही.

अजून एक सांगतो. हल्ली माणसं मोबाईलवर सर्वे नंबर उघडून बांधावर उभी राहतात आणि म्हणतात बघा, माझा निळा ठिपका तुमच्या हद्दीत. आपला जुना गावनकाशा ७,९२० ला एक या प्रमाणात. त्यावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर चार मीटर होते. कागद ओला झालेला, घडीवर फाटलेला, मग तो स्कॅन केला. आणि मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाच मीटरभर इकडंतिकडं. हे दोन्ही एकावर एक ठेवून एका हाताच्या बांधावर कुऱ्हाडी काढायच्या? मी नोकरीत असताना टिप्पण आणि फाळणी, म्हणजे मोजणीची जुनी कागदपत्रं, बघितल्याशिवाय तोंड उघडत नव्हतो. आता कॉर्स स्टेशनला (जीपीएसची चूक दुरुस्त करणाऱ्या कायमच्या केंद्राला) जोडलेली यंत्रं आहेत, चार-दोन सेंटिमीटरवर हद्द सांगतात, ती वेगळी गोष्ट. पण तीसुद्धा आत्ता तुम्ही कुठं उभे आहात तेवढंच सांगतात, आजोबानं दगड कुठं पुरला होता ते नाही.

@शिवारलेक, तुझ्या आईचा प्रश्न कुणीच घेतला नाही. आईला सांग, उपग्रहाला झाड दिसतं, मालक दिसत नाही. जमीन फॉरेस्टची की मालकीची हे हिरव्या रंगावर ठरत नाही, उताऱ्यावर आणि खात्याच्या अधिसूचनेवर ठरतं. उलटंही आहे, फॉरेस्टच्या जागेतसुद्धा काजूची लागवड असते. तुझ्या नकाशाला जमीनवापर म्हणू नकोस, जमिनीवरचं आच्छादन म्हण, आणि खाली मोठ्या अक्षरात लिही की हा मालकीचा पुरावा नव्हे. पण आईची भीती खोटी नाही. कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी रंगच वाचतो.

नकाशेबाज

काकांच्या शेवटच्या वाक्याला सहमत, म्हणून तर काजू बरोबर येणं महत्त्वाचं. बाळ, वर्षभरातली बिनढगाची चित्रं घेऊन त्यांचा मध्यक, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत, काढलास का? तसं असेल तर तळ्याचं उत्तर तिथंच आहे. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं बिनढगाचं चित्र मिळणं म्हणजे लॉटरी. मग मध्यकात शिरली सगळी डिसेंबर ते मे ची चित्रं. तेव्हा तळं आटलेलं. म्हणजे कॉम्प्युटरनं पावसाळा बघितलाच नाही, आणि खानापूर तालुक्याचा नकाशा पावसाळा न बघता केला! महिन्यामहिन्याची चित्रं वेगळी ठेव, पावसातल्यासाठी रडार घे, रोपलावणीच्या वेळी चिखलणीचं पाणी रडारला दिसतं. काजूचं जंगलापेक्षा वेगळेपण एका दिवसात दिसत नाही, बाराही महिन्यांत कदाचित दिसेल. कदाचित म्हणतोय.

शिवारलेक

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, माफ करा. तीन आठवडे गावीच होते.

बाबांना घेऊन फिरले. मी मोबाईलवर ठिपके टाकायचे आणि बाबा सांगायचे हे काय आहे. पहिल्याच दिवशी भांडण. माझ्या यादीत सहाच वर्ग होते. बाबा म्हणाले, ही काजू आहे पण राखलेली नाही, आत रान वाढलंय, ह्याला काजू कसं म्हणू? ही जागा भाताची होती पण गवा येऊन खातो म्हणून चार वर्षं पडीक. हे वरनं जंगल दिसतंय पण खाली मिरीचे वेल आहेत. प्रत्येक ठिकाणी "तसं नाही गे, ऐक." सहाचे अकरा वर्ग झाले. गाईड म्हणाले एवढे नकोत, मग आठवर तडजोड.

नकाशेबाज दादा, तुम्ही म्हणालात तशी दोन गावं पूर्ण बाजूला ठेवली. अचूकता ७३ टक्के. काजूची त्याहून कमी, पण आमची बाग या वेळी बऱ्यापैकी बागच दिसतेय, फक्त वरचा कोपरा अजून जंगल. बाबा म्हणाले तो कोपरा सोड, तो मलाही जंगलच वाटतो. गाईडना आधीचा आकडा जास्त आवडला होता. त्यांना गुंठ्याचा हिशेब सांगितला, मग गप्प बसले.

काकांचं ऐकून शीर्षक बदललं, आणि खाली मालकीची ओळ लाल अक्षरात घातली. आईनं ती दोनदा वाचून घेतली.

एक अडलंय. देवळामागचं तळं. पावसात तळं, दिवाळीनंतर पाणी मागं सरकतं तसतसे बाबा त्या ओल्या गाळात वाल आणि हरभरा टाकतात, मार्चला पुन्हा कोरडं. हा पाणी वर्ग नाही, भात तर नाहीच. ह्याला काय म्हणू? पुस्तकात सापडलं नाही आणि एआयनं सुचवलेलं नाव एवढं लांब आहे की सूचीत मावत नाही.

साखळी_आणे

गाळपेर. सरकारी रेकॉर्डातही हाच शब्द. तीन अक्षरं आणि एक र.

शिवारलेक

काका!! घातला. आता रंग कुठला देऊ? निळा दिला तर पाणी वाटतं, हिरवा दिला तर शेत.

उगीच_मधेच

कुंद्याचा.